फुकट अँटीव्हायरस टाकूनही ‘व्हायरस सापडला’ येतच राहतं? तपासायला कुठून सुरुवात करायची

घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर पुढे वाचा:

- स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘तुमच्या पीसीत ५ व्हायरस’ किंवा ‘सबस्क्रिप्शन संपलं, आत्ताच रिन्यू करा’ अशा खिडक्या उगवतात. बंद केल्या तरी दहा मिनिटांनी परत येतात.
- मशीन सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटं काहीच उघडत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते.
- घड्याळाशेजारच्या ढालीवर पिवळं किंवा लाल चिन्ह असतं आणि अँटीव्हायरसचं अपडेट फसतं.
- गूगलऐवजी भलतंच सर्चचं पान उघडतं.
- झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले असतात.

अशा वेळी बहुतेक जण ‘फ्री अँटीव्हायरस’ असं शोधतात आणि सगळ्यात वरच्या लिंकवरून काहीतरी उतरवून घेतात. घोळ तिथेच वाढतो. वरच्या लिंका बऱ्याचदा जाहिराती असतात आणि त्यामागे कोण बसलंय ते कळत नाही. कळवा असो की कोपरखैरणे, घरांमधून दुरुस्तीला येणाऱ्या मशीनवर अँटीव्हायरसच नाही असं क्वचित दिसतं. दोन-तीन असतात आणि एकही धड चालत नसतो. विंडोज १० आणि ११ सोबत मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मुळातच फुकट येतो. म्हणून नवीन काही टाकण्याआधी, जे आहे ते का अडलंय हे शोधा.

१. ती सूचना नक्की कोणाची आहे?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. खिडकी आली की तिच्यातली बारीक अक्षरं वाचा. वर किंवा खाली क्रोम किंवा एजचं नाव आणि एखाद्या अनोळखी वेबसाइटचा पत्ता असेल, तर तो व्हायरसचा इशारा नाही, जाहिरात आहे. फुकट मॅच किंवा मालिका दाखवणाऱ्या साइट ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा’ म्हणतात. ते एकदा दाबलं की त्या साइटला तुमच्या स्क्रीनवर केव्हाही सूचना टाकायची परवानगी मिळते. अँटीव्हायरस कितीही बदला, परवानगी ब्राउझरमध्ये असल्यामुळे सूचना थांबत नाहीत.

क्रोममध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज उघडा. तिथे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी असलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नाही ती प्रत्येक साइट काढून टाका. एजमध्येही साइट परमिशन्सखाली अशीच यादी असते. मग एक्स्टेन्शन्सचं (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं) पान उघडून तुम्ही स्वतः न टाकलेली एक्स्टेन्शन्स काढा. सर्चचं पान बदलण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

संपूर्ण स्क्रीन भरून इशारा आला, भोंगा वाजू लागला आणि ‘या नंबरवर फोन करा’ असं दिसलं, तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. एस्केप की काही सेकंद दाबून धरा. नाहीच गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. परत उघडताना ‘आधीची पानं पुन्हा उघडू का’ असं विचारलं तर नाही म्हणा.

याहून घातक प्रकार म्हणजे ‘विंडोज की आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर’ असं सांगणारं खोटं पडताळणीचं पान. त्या तीन कळांनी एक आज्ञा तुमच्याच हातून मशीनवर चालवली जाते आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बाहेर जाऊ शकतात. घरातल्या कोणी हे केलं असेल तर मधले टप्पे सोडून सरळ सहाव्यावर जा. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून आजच बदला.

२. तारीख आणि वेळ

जुन्या डेस्कटॉपवर हे तपासायचं कोणाच्याच लक्षात येत नाही. मशीनची तारीख काही वर्षं मागे गेलेली असेल तर अपडेटच्या सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र मशीनला अवैध वाटतं, जोडणी नाकारली जाते आणि ‘अपडेट फेल्ड’ येतं. लोक इंटरनेटवाल्याकडे तक्रार करत बसतात.

सेटिंग्जमधल्या टाइम अँड लँग्वेजमध्ये वेळ आपोआप लावण्याचा पर्याय चालू करा. टाइम झोन भारताचा, म्हणजे जीएमटीपेक्षा साडेपाच तास पुढचा ठेवा. मेन स्विच बंद करून परत चालू केल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. डेस्कटॉपला बहुधा सीआर २०३२ लागतो आणि तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढा, कॅबिनेट उघडा, अधिक चिन्ह वर ठेवून नवीन सेल बसवा. सेल काढल्यावर बायोस (विंडोजच्या आधी चालणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) मूळ सेटिंगवर जाऊ शकतं. त्यानंतर विंडोज सुरूच झालं नाही तर बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी जोडणीची पद्धत) आधी होता तोच आहे का ते पाहा, बहुधा एएचसीआय असतो. म्हणून सेल काढण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. लॅपटॉपमध्ये हा सेल अनेकदा वायरला जोडलेला असतो, तो घरी उघडू नका.

३. एकाच मशीनवर किती अँटीव्हायरस आहेत?

सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स अशी यादी उघडून वरपासून खालपर्यंत वाचा. नवीन लॅपटॉपसोबत आलेला चाचणीचा अँटीव्हायरस, मागच्या वर्षी दुकानदाराने टाकलेला, मुलाने फुकट उतरवलेला, शिवाय एखादा ‘क्लीनर’, ‘बूस्टर’ नाहीतर ‘ड्रायव्हर अपडेटर’. डिस्क १०० टक्के होण्याचं कारण बऱ्याचदा याच यादीत असतं.

प्रत्येक अँटीव्हायरस फाइल उघडण्याच्या क्षणी मध्ये पडून ती तपासतो. दोन असले तर एकच फाइल दोनदा अडते. एकाने कोंडलेली फाइल दुसऱ्याला संशयास्पद वाटते आणि साध्या हार्ड डिस्कवर मशीन गुदमरतं. शिवाय बाहेरचा अँटीव्हायरस नोंदला गेला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो. चाचणीची मुदत संपल्यावरही ते सॉफ्टवेअर जागा अडवून बसलं, तर पैशाच्या सूचना तेवढ्या येत राहतात आणि संरक्षण मात्र अर्धवट राहतं.

विंडोज सिक्युरिटी उघडा, खाली डावीकडच्या सेटिंग्जमध्ये मॅनेज प्रोव्हायडर्सवर जा. सध्या पहारा कोणाचा आहे ते तिथे स्पष्ट दिसतं. एक ठेवा, बाकीचे अनइन्स्टॉल करा. प्रत्येक अनइन्स्टॉलनंतर मशीन रीस्टार्ट करा, दोन-तीन एकदम काढू नका. क्लीनर आणि बूस्टरही काढा, विंडोजला त्यांची गरज नाही. काढल्यानंतरही नाव यादीत उरलं तर त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल तिच्याच साइटवरून घ्या. बहुतेक मोठ्या कंपन्या ते फुकट देतात. बाहेरचा शेवटचा अँटीव्हायरस गेला की डिफेंडर रीस्टार्टनंतर आपोआप जागा होतो. नाही झाला तर पाचवा टप्पा.

४. अपडेट आणि जागा

विंडोज सिक्युरिटीतल्या व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये शेवटच्या अपडेटची तारीख असते. ती आजची किंवा कालची हवी, कारण डिफेंडरच्या नव्या नोंदी दिवसातून अनेकदा येतात. आठवडाभर जुनी असेल तर सी ड्राइव्ह पाहा. तिथे १५-२० जीबी मोकळी नसेल तर विंडोजची मोठी अपडेट अडतात. डाउनलोड्स फोल्डर आणि व्हॉट्सअ‍ॅपचे जुने व्हिडिओ हलवले की बहुधा भागतं.

विंडोजची आवृत्तीही बघून घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या नोंदी त्यावर ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय, पण खुद्द विंडोजमधली भोकं बुजवणारी अपडेट वेगळी असतात. ती हवी तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवावं लागतं. मशीन पात्र असेल तर विंडोज ११ फुकट मिळतं, तोच चांगला मार्ग. विंडोज ७ आणि ८.१ वर मात्र कुठल्याही अँटीव्हायरसवर विसंबू नका. ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये आणि ८.१ चा जानेवारी २०२३ मध्ये संपला. क्रोमची नवी आवृत्तीही त्यांच्यावर चढत नाही. अशा मशीनवर बँकेचं काम करू नका.

५. एक्सक्लुजन्सची यादी

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि नेमका तोच सगळ्यात महत्त्वाचा.

स्टेशनजवळच्या दुकानात विंडोज ‘टाकून घेतलं’ की अनेकदा सोबत पैसे न भरता विंडोज खरं भासवणारा एक अ‍ॅक्टिव्हेटर येतो. डिफेंडर त्याला ‘हॅकटूल’ म्हणून पकडतो, म्हणून टाकणारा आधी डिफेंडरलाच सांगून ठेवतो की या फोल्डरकडे बघू नकोस. घाईत किंवा आळसाने कधीकधी अख्खा सी ड्राइव्हच त्या यादीत जातो. मग ढालीवर हिरवी खूण दिसते, स्कॅन दोन मिनिटांत संपतं, ‘धोका नाही’ येतं, आणि प्रत्यक्षात काहीच तपासलेलं नसतं. आत शिरलेला मालवेअरही (घातक प्रोग्रॅम) हीच युक्ती करतो आणि स्वतःचा फोल्डर यादीत घालून मोकळा होतो.

व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली एक्सक्लुजन्स. घरच्या मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. जे असेल ते टिपून घ्या आणि काढा. त्यानंतर व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या पानावर ‘अलाउड थ्रेट्स’ पाहा आणि तिथे परवानगी दिलेलं काही असेल तर तीही मागे घ्या. अ‍ॅक्टिव्हेटर काढल्यावर विंडोज अ‍ॅक्टिव्हेशन मागेल, मागू दे. लॅपटॉप मूळचा विंडोजसकट विकत घेतलेला असेल तर परवाना बहुधा मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो. तीच एडिशन, म्हणजे होम असेल तर होम, टाकली की ती आपोआप खरी ठरते.

स्विच करडे दिसत असतील आणि ‘काही सेटिंग तुमच्या संस्थेकडून सांभाळली जातात’ असं येत असेल तर मशीन कोणाचं आहे ते पाहा. ऐरोली किंवा महापेच्या कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल तर ते बरोबरच आहे. त्याला हात लावू नका, कंपनीच्या आयटी विभागाला कळवा. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मशीनवर हे वाक्य दिसलं तर कोणीतरी आतून धोरण बदललंय. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) हात घालण्याआधी सहावा टप्पा करा.

६. स्कॅन, सोप्यापासून कडकपर्यंत

आधी क्विक स्कॅन. मग फुल स्कॅन, जे साध्या हार्ड डिस्कवर कित्येक तास चालतं, म्हणून रात्री लावा आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवा. तरीही काही सापडून परत परत येत असेल तर स्कॅन ऑप्शन्समधलं मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन. यात मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे विंडोजसोबत जागा होऊन लपणारा मालवेअर पकडला जातो. साधारण १५ मिनिटं लागतात. उघडी कामं सेव्ह करा. डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) असेल तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या या कुलपाची, रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते.

दुसरं मत हवं तर मालवेअरबाइट्स. सुरुवातीला १४ दिवस पैशाच्या आवृत्तीची चाचणी चालते, नंतर फक्त तुम्ही सांगाल तेव्हाच स्कॅन करणारी फुकट आवृत्ती उरते. आपल्याला तीच हवी, त्यामुळे चाचणी आधीच बंद केलीत तर उत्तम. जाहिराती दाखवणाऱ्या चिकट सॉफ्टवेअरसाठी त्याच कंपनीचं अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर आहे. ते इन्स्टॉल करावं लागत नाही, चालवून पुसून टाकता येतं. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून बॉट (मशीन दूरवरून दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्रॅम) काढण्याची टूल फुकट देतं. ती त्यांच्याच साइटवरून घ्या, कोणी पुढे पाठवलेल्या लिंकवरून नको.

पेनड्राइव्हचं वेगळं. त्यातले शॉर्टकट उघडू नका, उघडला की मालवेअर तुमच्या मशीनवर येतो. मूळ फोल्डर बहुधा पुसले गेलेले नसतात, नुसते लपवलेले असतात. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइल दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि ‘संरक्षित सिस्टम फाइल लपवा’ची टिक तात्पुरती काढा. फोल्डर दिसू लागतील. आपल्या फाइल मशीनवर उतरवा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, टिक परत लावा. झेरॉक्सला यापुढे कामापुरत्या पीडीएफ टाकलेला वेगळा छोटा पेनड्राइव्ह न्यावा. आधार आणि पॅनच्या प्रतींचा घरचा साठा त्या दुकानातल्या मशीनला लावू नये.

मराठी टायपिंगमुळे येणारी घाणही बरीच दिसते. क्रॅक केलेली फॉन्ट पॅकेजं आणि कुठल्याशा साइटवरचे ‘मराठी इनपुट’ इंस्टॉलर यांची गरजच नाही. विंडोज १० च्या २०१९ च्या आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे. लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि तो निवडा.

मग ठेवायचा कोणता?

विंडोज ११ वर, किंवा वाढीव अपडेट घेणाऱ्या विंडोज १० वर, बहुतेक घरांना डिफेंडर पुरतो, पण चार स्विच चालू हवेत: रिअल टाइम प्रोटेक्शन, क्लाउड प्रोटेक्शन, टॅम्पर प्रोटेक्शन आणि अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमधलं नको असलेली अ‍ॅप अडवणारं सेटिंग. घरचे फोटो आणि कागदपत्रं त्याच मशीनवर असतील तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा मालवेअर) प्रोटेक्शनमधला कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस चालू करा. तो मुळात बंद असतो. चालू केल्यावर अनोळखी प्रोग्रॅमना डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समध्ये लिहिता येत नाही. एखादं चांगलं सॉफ्टवेअर अडलं तर तेवढ्यालाच परवानगी द्या, पूर्ण स्विच बंद करू नका. क्रोम वापरत असाल तर त्यातलं सेफ ब्राउझिंग ‘एनहान्स्ड’वर ठेवा, कारण डिफेंडरची वेबसाइट अडवणारी स्मार्टस्क्रीन मुख्यतः एजमध्ये काम करते.

दुसरा हवाच असेल तर बिटडिफेंडर, अ‍ॅव्हास्ट आणि कॅस्परस्की यांच्या फुकट आवृत्त्या आहेत. निवडताना जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या प्रयोगशाळांचे अहवाल बघा, ते फुकट वाचता येतात. नुसतं व्हायरस पकडण्याचं प्रमाण बघू नका. चांगल्या फाइलला चुकून व्हायरस ठरवणं आणि मशीनचा वेग कमी करणं, हे दोन रकानेही वाचा. जुन्या मशीनवर तेच जास्त नडतात. फुकट देणारा पैसे कुठून काढतो हेही विचारात घ्या. ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अ‍ॅव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. ती उपकंपनी २०२० मध्येच बंद झाली होती. कॅस्परस्कीच्या विक्रीवर अमेरिकेने २०२४ मध्ये बंदी घातली. हे माहीत असून निवडायचं तर निवडा, फक्त अंधारात राहून नको.

फुकट आवृत्त्यांचे परवाने बहुधा घरगुती वापरापुरते असतात. सोसायटीचं ऑफिस, क्लास किंवा दुकान त्यात बसत नाही. तिथे विंडोजसोबतचा डिफेंडर ठेवा, नाहीतर पैसे भरून घ्या.

इथे थांबा

फाइलींच्या नावांना विचित्र शेपूट लागलंय आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी आहे, म्हणजे रॅन्समवेअर. वायफाय आणि नेटची केबल लगेच तोडा, बाहेरची हार्ड डिस्क काढा. पैसे भरू नका, फॉरमॅटही करू नका. ‘नो मोअर रॅन्सम’ या युरोपोलच्या सहभागातल्या प्रकल्पाच्या साइटवर काही प्रकारांसाठी कुलूप उघडणारी टूल फुकट आहेत. ती आज नसली तरी पुढे येऊ शकतात, म्हणून कुलूपबंद फाइलींची प्रत जपून ठेवा.

खात्यातून पैसे गेले असतील तर मशीन बाजूला ठेवा. पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, दुसरा बँकेला. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मशीन पुसू नका, तो पुरावा आहे. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही पोलीस आयुक्तालयांत सायबर पोलीस ठाणं आहे.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर स्कॅन लगेच थांबवा. फुल स्कॅन मरणाऱ्या डिस्कला शेवटचा धक्का देतं. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

ऑफलाइन स्कॅननंतरही तोच धोका परत येतो, किंवा डिफेंडर काही केल्या चालू होत नाही, तेव्हा आणखी टूल टाकत बसू नका. विंडोज नव्याने टाकणं हाच इलाज आहे. स्वतः जमत नसेल तर जाणकाराला द्या. देण्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या (प्रोग्रॅम फाइली नकोत), ब्राउझरमधल्या खात्यांतून साइन आउट करा, आणि स्पष्ट सांगा: मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेलं विंडोजच हवं, अ‍ॅक्टिव्हेटर नको, अँटीव्हायरसही नको. मशीन परत घेताना दुकानातच एक्सक्लुजन्सचं पान उघडायला लावा. ते रिकामं दिसलं की मगच पैसे द्या.